गुरुजींच्या गळ्यातली वीणा

मंठ्याजवळच्या आमच्या गावात मुकुंद गुरुजींना ‘रमाबाईंचा भक्त’ म्हणत, आणि हसत. हसणाऱ्यांना ठाऊक नव्हते, की तो शब्द अगदी खरा आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी उभे आयुष्य वेचले. शाळा सुटली की पाय थेट घराकडे. पारावर बैठक नाही, हॉटेलात चहा नाही. मुलाला, ऋषीला, ताप भरला तर उशाशी आईच्या आधी बाप. पुढे ऋषी पुण्याला नोकरीला लागला, गुरुजी निवृत्त झाले, आणि पत्नी रमाबाईंचे उजवे अंग लुळे पडले. तेव्हापासून त्यांची वेणी गुरुजी घालीत, लुगडे गुरुजी नेसवीत, दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास गुरुजीच भरवीत. दुसऱ्याच्या हातचे रमाबाई खात नसत. तोंड फिरवून घेत.

गावात दरसाल सप्ताह बसतो. सप्ताह उठेपर्यंत वीणा भुईला टेकवायची नाही. देवापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यातून ती पुढच्या पहारेकऱ्याच्या गळ्यात जाते. दरसाल कचरू पाटील गुरुजींना पहारा घ्या म्हणत, आणि दरसाल गुरुजी हात जोडत.

“गुरुजी, शाळेतून रिटायर झालात, घरातून कवा होणार?”

“कचरूभाऊ, घरची पेन्शन लई गोड आहे. सोडवत न्हाई.”

पारावर हशा उठे. गुरुजीही त्यात मनापासून हसत.

तीन वर्षांपूर्वी मात्र रमाबाईंनीच हट्ट धरला. अडखळत्या जिभेने म्हणाल्या, “माझ्यापायी तुम्ही देवापुढं उभे न्हाई राह्यलात. एकदा राहा. शेजारची साळूबाई बसती माझ्यापाशी.”

“जेवायच्या आत येतो,” म्हणून गुरुजी निघाले आणि वीणा गळ्यात घालून उभे राहिले.

पुढचा पहारा अंगदचा. तो वेळेवर आला, आणि मंडपाच्या दारातच थबकला. गुरुजींचे डोळे मिटलेले, गालांवर धारा, ओठ थरथरत होते. कचरू पाटलांनी त्याचा दंड धरला. “थांब रे. समाधी लागली गुरुजींची. माणूस जिंदगीत एकदा उभा राह्यला, मोडू नको.”

अंगद हात जोडून मागे बसला. बघता बघता मंडप भरला. बाया लेकरांना उचलून गुरुजी दाखवू लागल्या. एवढ्यात साळूबाई धापा टाकत आली.

“बाई घास घेऊन न्हाई राह्यल्या. लई घाबऱ्या झाल्यात. गुरुजींना पाठवा जल्दी!”

“दम धर साळूबाई. देवापुढून ओढून आणू का माणसाला?” पाटील म्हणाले.

वीणा चालू राहिली; तिच्या नादात हे बोलणे गुरुजींपर्यंत पोहोचले नाही. साळूबाई परत फिरली. अखेर अंगदलाच राहवले नाही; तो उठला, पाया पडला, वीणा घेतली. गुरुजी अनवाणी धावले. हात धुऊन त्यांनी घास केला, ओठांशी नेला. रमाबाईंचे ओठ उघडले नाहीत. ते अंग अजून ऊन होते.

त्या दिवशी संध्याकाळचे कीर्तन करायला मी गावात पोहोचलो, तो लोक स्मशानातून परतत होते.

रमाबाईंचे दिवस झाल्यावर अंगद गुरुजींच्या पायांवर कोसळला. “गुरुजी, मी बराबर आल्तो. मागं बसून राह्यलो. आम्हाला वाटलं, तुमचा भाव लागला.”

“भाव नव्हता रे,” गुरुजी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “तिची जेवायची वेळ टळत होती. मन सारं घरात होतं, म्हणून डोळे भरून आले. वळून बघितलं असतं तर तू दिसला असतास. पण लोक म्हणतील, देवापुढंसुद्धा याला बायकोच दिसते. जन्मभर ते बोलणं मी हसून झेललं, अंगद. त्या एका दिवशी मला त्याची लाज वाटली.”

संतजनहो, आईबापाच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, आणि देव रागावला नाही. ही कथा सांगतच आमची हयात गेली. तीच ऐकून घरी जाणाऱ्या गावाने एका उपाशी जिवाला देवाच्या नावाने तिष्ठत ठेवले! आमच्या सांगण्यातच काही उणे राहिले असावे. त्या मंडपात एकही माणूस म्हणाला नाही, की गुरुजी, जा, देव थांबेल.

गुरुजी पुढे तीन वर्षे जगले. ऋषीने पुण्याला नेले, तिथेही नातीला, यशश्रीला, ते जवळ घेऊन भरवीत. स्वतःच्या ताटावर मात्र नुसते बसून राहत.

यंदा ते गेले. तेराव्याचे कीर्तन माझ्याकडे आले. कचरू पाटील हळव्या आवाजात म्हणाले, “महाराज, त्या दिवशीचा गुरुजींचा भाव लोकांना सांगा.”

ऋषीने मान वर केली. “नको महाराज. बाबांना आईकडे जायचं होतं. तेवढं सांगा.”

मी उभा राहिलो आणि तेवढेच सांगितले. पाटील खाली मान घालून ऐकत होते. अंगद टाळ मांडीवर ठेवून रडत होता. साळूबाई बायांमध्ये बसली होती. ती म्हणाली, “मी सांगाया आल्ते,” आणि कुणी तिला गप्प केले नाही.