टाकी भरल्याचा आवाज

"कमल, ती पिपाणी बंद कर की गं!" मी ओसरीवरून ओरडले. टाकी भरून पाणी अंगणात वाहत होतं, स्वयंपाकघरात बझर बोंबलत होता आणि कमल उठत नव्हती. चिडूनच आत गेले, तर ती खुर्चीत मान टाकून गेलेली... तिच्याशी माझं शेवटचं बोलणं हे असं.

कमल माझी धाकटी जाऊ. पणदऱ्याच्या या घरात टाकी माझ्याकडं होती. पाइपचा आवाज बारीक झाला, की चुलीपुढूनच मी सांगायची, "मोटार बंद करा." सगळे मलाच विचारायचे, "अक्का, टाकी कुठवर आली?"

मग बारामतीला शिकणाऱ्या आमच्या नातीनं कमलला एक छोटा बोर्ड दिला. लॅपटॉपवर हुकूम लिहायचा, तो बोर्डात भरायचा, की बोर्ड तसं वागतो. साठी उलटलेली ही बाई मोबाइलवर बघून दोन बोटांनी लिहायला बसली. आधी मात्र नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं बोर्डालाही ओलं हळदकुंकू लावलं! ओल्या कुंकवानं बोर्डावरचा दिवा कसला लागतोय...

"आता नारळ बी फोड," मी म्हणाले.

"हसा, अक्का. लागंल बगा."

दात घासायच्या ब्रशनं तिनं कुंकू काढलं, बोर्ड उन्हात वाळवला, आणि ज्वारीएवढा लाल दिवा लुकलुकला. सगळं घर टाळ्या वाजवत होतं. जन्मभर पुरणपोळ्या लाटल्या, माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही.

पुढं बटण दाबलं की दिवा लागू लागला. मग टाकीच्या तोंडाशी दोन तारा सोडल्या. पाणी तारांना टेकलं, की बझर. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा माझा दीर बायकोकडं असा बघत होता, की मी भाकरी करपवली. त्या दिवसापासून मला टाकीचं कुणी विचारलं नाही.

"माझा कान फुकट घालवलास," मी तिला म्हणाले.

"मग तुमी बी शिका की. या, दावते."

मी गेले नाही. गेले असते तर तिच्या हाताखाली बसावं लागलं असतं. मेल्यावर माणूस गोड होतं म्हणतात. मला तिचा हेवा अजून वाटतो.

बोर्ड अजून फडताळात साखरेच्या डब्यामागं, टाकीच्या तारांना जोडलेलाच आहे. एका कोपऱ्यात कुंकू राहिलंय. काल पाइपचा आवाज बारीक झाला, तो मला आधी कळला. उठून मोटारीच्या बटणावर बोट ठेवलं... आणि थांबले. बझर वाजू दिला, मग मोटार बंद केली.

दोघी जावांमध्ये मागं मी राहिले.