घोडी उठेपर्यंत

घोड्यांच्या दवाखान्यात तातडीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंना सगळे पाठीमागे ‘वादळ’ म्हणतात, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक आहे. चहा निवायची वाट बघणं त्यांना जमत नाही, त्यामुळे जीभ कायम पोळलेली. नवरा म्हणतो, “हिच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे हिची पाठ बघत चालायचं.” पण आतड्याला पीळ पडलेलं घोडं आलं की हीच घाई कामाला येते. तिथे रेंगाळलं की घोडं हातचं गेलंच.

त्या दुपारी घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांची म्हातारी घोडी आली, पोटदुखीने गाडीत पाय आपटत. अर्धं शहर तिच्याच पाठीवर बसून शिकलेलं. बाईंनी पोट उघडलं, पीळ सोडवला, काळंनिळं आतडं हळूहळू गुलाबी झालं, तेव्हा त्यांनी मास्कच्या आतच शीळ घातली.

खरी परीक्षा त्यानंतर होती, आणि ती बाईंचीच. भूल उतरताना घोडं अर्धवट शुद्धीत धडपडत उठलं तर पाय मोडून घेतं, आणि पाय मोडला की केलेलं सगळं पाण्यात. म्हणून गाद्या लावलेल्या खोलीत, अंधारात, त्याला निजू द्यायचं आणि बाहेर सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. उठताना घोडीचा तोल सावरायला तिच्या शेपटीला बांधलेली दोरी धरून बाई दाराबाहेर उभ्या होत्या. क्षणात या पायावर, क्षणात त्या.

मास्तर दाराच्या झरोक्यातून आत बघत होते. “हलत कशी नाही हो?”

“हलू नये म्हणूनच हा खटाटोप चाललाय. गप्प राहा.”

घोडीचा कान हलला. मास्तरांना राहवलं नाही. “उठ गं! चल, उठ!”

आयुष्यभर ज्या आवाजावर पाय उचलले, तोच आवाज. घोडी तशीच झिंगलेली उठायला गेली, पुढचे पाय फाकले आणि धाडकन गादीवर आदळली. मास्तर पांढरेफटक पडले. बाईंनी झरोक्याला डोळा लावला. पाय शाबूत दिसत होते, पण घोडी पुन्हा डोकं उचलू लागली. हुकूम अजून पुरा व्हायचा होता ना!

“मास्तर,” बाई कुजबुजल्या, “तुमचं ऐकते ना ती? मग पडून राहा म्हणा.”

“तसा शब्दच शिकवला नाही हो तिला. ‘थांब’ कळतं, पण तेही उभ्या उभ्या.”

“मग काहीही बोला. फक्त हळू.”

मास्तर फरशीवर बसले आणि दाराच्या फटीला तोंड लावून बोलू लागले. कोणती पोरगी पडली आणि तिची आई कशी भांडायला आली, नव्या घोड्याला कशी काडीची अक्कल नाही, सुनेने आणलेला सदरा पोटावर कसा घट्ट होतो. घोडीने डोकं खाली टाकलं. बाईसुद्धा ऐकत राहिल्या, आणि पाय बदलायचं विसरल्या.

सदऱ्याचं पुराण दुसऱ्यांदा चाललेलं असताना घोडी आपल्या मनाने उठली. लटपटली, बाईंनी दोरी नेटाने ताणली, आणि ती चारी पायांवर उभी राहिली. बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दार उघडताच मास्तर तिच्या मानेला बिलगले. “बास. आता तुला कुणी उठ म्हणणार नाही. मीही नाही.”

“असं कसं?” बाई नाक पुसत म्हणाल्या. “उद्यापासून तिला चालवायचंय, आतडी त्यानेच मार्गी लागतात. आणि तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकणार, माझं?”

मास्तरांनी मान डोलावली. मग घोडीच्या कानाशी वाकून म्हणाले, “उद्या हं. आज नुसती उभी राहा, माझे बाई.”