कुलूप लावण्याआधीची हाक

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाचे ते म्हातारे पहारेकरी. नाव कधी कळलं नाही. सगळे मामाच म्हणायचे. आणीबाणीच्या आधीची वर्षं होती. आम्ही कॉलेजची पोरं पायरीवर बसून, रक्त सांडल्याशिवाय क्रांती होत नाही, असं तावातावानं बोलायचो. संध्याकाळी मामा टेबलांखाली वाकून बघायचे, "हाय का कुणी आत?" अशी हाक मारून थांबायचे आणि मगच कुलूप लावायचे. रिकामी खोली तर दारातूनच दिसायची. या खुळेपणाची मला चीड यायची.

एकदा मी विचारलंच. कुलूप हातात तसंच धरून ते म्हणाले, "इंग्रजाच्या वक्ताला आमी पोलीस चौकी पेटवली. पेटवायलाच पायजे व्हती, आमची माणसं मारली व्हती त्यांनी. पण काडी लावायच्या आदी आत कोण हाय का, ते कुणी इचारलंच न्हाय."

"मग, होतं का कुणी?"

"राख उपसली तवा कळलं की."

एवढं बोलून ते वळले आणि त्यांनी नेहमीसारखी आत हाक मारली. क्रांतीबद्दलचं माझं मत काही त्या दिवशी बदललं नाही. पण आतून उत्तर येतंय का, हे ऐकायला मीही थांबलो.