सरपंचीण

नव्वदच्या दशकात आमच्या मुरबाडकडच्या गावाचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. निवडून आले मी, आणि त्याच संध्याकाळपासून गाव माझ्या नवऱ्याला सरपंच म्हणायला लागलं. मी झाले सरपंचीण, म्हणजे सरपंचाची बायको. घ्या!

ग्रामसभेत खुर्चीवर हे बसायचे. मी खाली बायकांत, पदर सावरून. एकदा हापसा मंजूर झाला, गावाला मिळून एकच. यांचं आधीच ठरलेलं, आपल्या अंगणासमोर बसवायचा. आमच्या घरामागे बारमाही विहीर! तिकडे सिद्धगडाच्या बाजूच्या वाडीत बायका उन्हाळ्यात ओढा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. त्यांना सभेला बोलावतंय कोण? मला हापसा वाडीतच हवा होता. घरात विषय काढला तर हे म्हणाले, "तुला काय कळतंय पंचायतीतलं?" खरंच की. मी तर नुसती सरपंच.

सभेला तालुक्याचे साहेब आले. नवीन होते बिचारे. "सरपंच कोण?" म्हणाले. सगळ्या गावानं यांच्याकडे बोट केलं. ग्रामसेवकानं खाकरून माझ्याकडे केलं. साहेब गोंधळले. "मग बाई, खुर्चीत बसलेत ते कोण? नाव सांगा."

नवऱ्याचं नाव, तेही चारचौघांत? मी पदराचं टोक दातांत धरलं. तेवढ्यात मागून मोठी जाऊ ओरडली, "लाजतंस काय गो? उखाण्यात घे!"

मग घेतलं.

"हापसा बसवायचा वाडीच्या माळावर,
अमुकराव, उठा आता, मला बसू द्या खुर्चीवर."

(नाव इथं लिहीत नाही. एकदा घेतलं ते पुरे.)

हसून हसून सभा लोळली. उखाण्यावर नवरा चिडणार कसा? हे उठले. मी बसले. साहेबांनी हात वर करायला सांगितलं, तर बायकांचे हात आधी वर. उखाणा आवडला की हापसा, देव जाणे.

हापसा वाडीत बसला. नारळ मी फोडला. हे फुगून घरीच राहिले.

पुढे भाताच्या आवणीला, लावणीसाठी माणसं बघायला हे जन्मात पहिल्यांदा वाडीत गेले. हापशावरच्या म्हातारीनं विचारलं, "तू कोण रं?"

"मी सरपंच."

"चल, खोटारड्या! आमची सरपंच बाय हाय."

हे घरी येऊन तणतणत सगळं मलाच सांगत बसले. मला इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली. तीच यांच्या ताटात वाढली.

"जेवा, सरपंच," म्हटलं.