गप्पूचा ठसा

आमचे हे न्हावी. माझा धाकटा भाऊही न्हावी. दोघांचं मिळून एकच दुकान, एकच लांबलचक आरसा आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या. भावाला सगळे गप्पू म्हणायचे, कारण त्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही. स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण केस कसे राखावेत यावर गिऱ्हाइकांचं डोकं खायचा. कोणी टोकलं की म्हणायचा, "माझे सगळे तुम्हालाच वाटून टाकले हो!"

दोघं शेजारी शेजारी उभे. हात गिऱ्हाइकाच्या डोक्यात, डोळे आरशात. एकमेकांशी बोलायचे तेही आरशात बघूनच. भांडायचे आरशात, गिऱ्हाइकाची टर उडवायची तर डोळा मारायचे आरशात. दुपारी जेवायचेसुद्धा त्याच आरशासमोर बाकावर बसून. मी डबा घेऊन गेले तर मान वळवायचे कष्ट नाहीत, आरशातूनच "ठेव तिथे." अस्सा राग यायचा मला!

गेल्या वर्षी गप्पू गेला. दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली आणि तिथेच संपलं. यापुढे त्याबद्दल मला सांगता येत नाही, सांगायचंही नाही.

मग भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो निघेना. कॅमेरा दिसला की या बाबाचं तोंड वाकडं झालंच म्हणून समजा. माझ्या लग्नात जीभ बाहेर, स्वतःच्या वाढदिवसाला डोळे तिरळे. मोबाइलमध्ये ढीगभर फोटो, आणि एकातही माणसासारखा नाही. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून आईला नेऊन दाखवला. आई तो जवळ धरून बघत राहिली आणि म्हणाली, "हा कोण चोर धरून आणलात? माझा गप्पू असा नव्हता. माझ्या भिंतीवर हा नको."

खिळा आधीच ठोकून झाला होता. तो रिकामाच राहिला. आई पलंगावरून त्या खिळ्याकडे बघत बसायची. गप्पूला ती येता-जाता "मेल्या" म्हणायची, तो गेल्यापासून तो शब्दही तिच्या तोंडून गेला. तिच्या एका डोळ्याने केव्हाच राम म्हटलाय, दुसऱ्याचंही काही खरं नाही. एकदा म्हणाली, "मला दिसतंय तोवर कोणीतरी आणा रे त्याला इथे."

आमचे हे शेजारीच बसले होते. "मी काढतो त्याचं चित्र," म्हणाले.

मी थक्क! या माणसाने जन्मात पेन्सिल धरली ती कानावर ठेवण्यापुरती. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, चित्रकार काय कमी पडलेत? कोणाला तरी सांगू."

"ते फोटो बघून काढणार. फोटोत तो नाहीच," ते म्हणाले आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "तो इथे आहे. आणि निसटतोय गं. काल दाढी करता करता त्याचं हसू आठवायला गेलो, तर येईना. घाम फुटला मला."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नवशिक्यांसाठी चित्रकलेचा वर्ग चालतो. आधी कोळशाने, मग जलरंगांनी, मग मातीत काम, शेवटी ठसे, म्हणजे कोरून छापायची चित्रं. शिकवणाऱ्या बाई आमच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मधोमध टेबलावर प्लास्टरचं एक डोकं ठेवलं. सगळे विद्यार्थी समोर बसले. आमचे हे उठले आणि थेट त्या डोक्यामागे जाऊन उभे राहिले.

"काका, तिथून चेहरा कसा दिसणार?" बाईंनी विचारलं.

"बाई, मला माणूस इथूनच बघायची सवय आहे," हे म्हणाले. सगळा वर्ग हसून हसून लोळला. पण त्यांनी मान काढली, कानामागची खोबण काढली, आणि बाईंनी तो कागद भिंतीवर लावला. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी तिथेच होते असं आता मला वाटतं.

त्या दिवशी घरी आले ते नाकापासून कोपरापर्यंत काळे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "थांब, आधी बघ." एक कागद कोळशाने पार काळा करून टाकला. म्हटलं, झालं, बिघडवला. मग खोडरबर घेऊन मधोमध एक फराटा ओढला, त्याखाली एक छोटा ठिपका. काळोखातून कपाळ पुढे आलं, नाकाचा शेंडा चमकला! "बघितलंस? पुसून उजेड काढतात!"

मग जलरंग आले. पांढऱ्या रंगाची वडी डबीत आहे, पण तिला हात लावायचा नाही म्हणे. जिथे पांढरं हवं तिथला कागद कोराच ठेवायचा. यांनी घाईघाईत चित्रातला काचेचा पेला अख्खा रंगवून टाकला आणि काचेवरची चमक राहून गेली. कागद धुतला, घासला, पण काही उपयोग नाही. "गेलं ते परत आणता येत नाही गं यात," म्हणाले.

पण त्यानंतर आमच्या घरात जरा वेडच शिरलं. चहा पुढ्यात गार होतोय आणि हे म्हणतायत, "पातेल्याच्या सावलीत जांभळा आहे, माहीत आहे तुला?" मी म्हटलं, "सावली काळी असते, चहा प्या." ते दुकानात गेल्यावर मी गुपचूप ओट्यापाशी वाकून बघितलं. खरंच जांभळी होती. कडेला तर निळीसुद्धा. संसाराची इतकी वर्षं त्या ओट्याशी काढली आणि कोणी मला सांगितलं नाही! त्या दिवशी भाजी करपली, पण मला वाईट वाटलं नाही.

दुकानात ते ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना आरशात बघत त्यांची चित्रं काढून हात बसवायला लागले. तिथे एक गंमत व्हायची. ज्याचं चित्र तो बघून खूश, "वा! हुबेहूब मीच!" आणि घरी नेलं की बायको विचारायची, "हे कोणाचं, तुमच्या चुलतभावाचं का?" आम्ही ते हसण्यावारी नेलं. दुसरी खुर्ची मात्र रिकामीच असायची. गर्दी असली तरी हे तिच्यावर कोणाला बसू द्यायचे नाहीत.

हात बसल्यावर त्यांनी गप्पूला काढलं, कोळशाने. एका बाजूला ओढलं जाणारं ते हसू, वर चढलेली एक भुवई, लहानपणी झाडावरून पडून कलंडलेलं नाक, आणि दिव्यासारखं चकाकणारं टक्कल. काढून झाल्यावर म्हणाले, "आला गं बाई, आला." मी बघितलं. सगळं होतं. काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. तरी तो नव्हता.

चित्र तसंच आईकडे नेलं. आई काही राखून बोलणारी नाही. डोळ्याजवळ धरून म्हणाली, "जावईबापू, छान काढलंय हो. पण हा तो नाही."

पुढे मातीत डोकं घडवलं. आईकडे नेलं ते ओल्या कापडात गुंडाळून, दाढीआधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर टाकतात तसं. आईच्या मांडीवर ठेवलं तेव्हा तिच्याकडे पाठ होती. तिने मागून हात फिरवला. मानेवरची वळी चाचपली, टाळूजवळचा खळगा चाचपला. तिचा हात थांबला. "हे माझ्याच पोराचं डोकं," म्हणाली. मग आम्ही ते तिच्याकडे वळवलं. आईने तोंडावरून बोटं फिरवली, निरखून बघितलं, आणि मान हलवली. "मागून तोच. पुढून कोणी दुसराच."

घरी आल्यावर हे दारातच बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मीच विसरलो त्याला. जन्मभर शेजारी उभा होता आणि मला त्याचा चेहरा येत नाही." मीही रडले. वर्ग सोडतो म्हणाले. मी खडसावलं, "ठसे राहिलेत ना? तेवढे करा आणि मग सोडा." खरं सांगायचं तर मलाही आता आशा नव्हती. पण घरात बसून तो माणूस खचला असता.

ठशांच्या शेवटच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. लांब टेबलं, शाईचा वास, डोक्यावर दोऱ्यांना चिमट्यांनी लटकवलेले ओले कागद. यांनी कोळशाचं तेच चित्र लिनो नावाच्या रबरासारख्या मऊ तुकड्यावर उतरवून कोरलं होतं. कोरतात ते पांढरं राहतं, ठेवतात ते काळं छापलं जातं. यांनी रूळ फिरवून शाई लावली, कागद अंथरला आणि चमच्याच्या पाठीने हळूहळू सगळीकडे दाबला. वस्तऱ्याने ज्या हलक्या हाताने गळ्यावरून जातात ना, तोच हात. मग कोपरा धरून कागद उचलला.

आणि त्यांचं तोंड उतरलं.

"चुकलं," म्हणाले. "बाई, तुम्ही सांगितलं होतं, चित्र आधी उलटं करून मग उतरवा, म्हणजे ठसा सुलटा येतो. मी विसरलो. बघा, सगळं उलटं झालं. हा तर ओळखूसुद्धा येत नाही." आणि कागद चुरगळायला गेले.

मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. मी किंचाळले. "खबरदार हात लावाल तर!" सगळा वर्ग दचकला. मी तो ओला कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला, माझ्या साडीला शाई लागली, लागू दे. "अहो, गप्पू! हा गप्पू आहे! हाच!"

तो होता. आत्ता काहीतरी बोलेल आणि मला चिडवेल, असा. आणि आमचे हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मला वेड लागलंय.

बाईंनी कोळशाचं चित्र मागितलं आणि ठशाशेजारी धरलं. एकात हसू इकडे, दुसऱ्यात तिकडे. भुवई इकडची, भुवई तिकडची. त्यांनी हळूच विचारलं, "काका, तुम्ही त्यांना कुठे बघायचात?"

"दुकानात. कायम बरोबरच असायचो."

"समोरासमोर?"

हे बोलायला गेले आणि थांबले. "नाही," म्हणाले. "आरशात."

मग बाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा आरशातला, उलटा चेहराच तुमच्या डोक्यात बसलाय. म्हणूनच तुम्ही सांगता त्या गिऱ्हाइकांना स्वतःची चित्रं पटायची. तेही स्वतःला आरशातच बघतात." हे मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो," पुटपुटले. "बाई, मी विसरलो नव्हतो त्याला." मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांचा काळा हात धरला.

ठसा वाळल्यावर आईकडे नेला. तिने डोळ्याजवळ धरला. फार वेळ धरला. मग तिचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा, खेकसल्यासारखा.

"हसतोस काय मेल्या."

आणि तिने तो छातीशी धरला. खिळ्यावर लावायला आम्हाला दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघावी लागली, देतच नव्हती.

ठशाचं एक बरं असतं, हवे तेवढे निघतात. दुसरा यांनी दुकानासाठी काढला. त्यांना तो चेहरा अजून परकाच वाटत होता, तरी काढला. मी डबा घेऊन गेले तेव्हा आरशाच्या बाजूला खिळा शोधला, तर नाही. ठसा मागच्या भिंतीवर लावला होता, खुर्च्यांच्या पाठीमागे, जिथे एरवी कोणी बघत नाही. मी म्हटलं, "अहो, इतक्या मेहनतीचं चित्र असं पाठीमागे काय टाकलंय?"

ते एकाच्या मानेवर वस्तरा चालवत होते. मान वळवली नाही. "समोर बघ," म्हणाले.

मी आरशात बघितलं. ते उभे होते, आणि त्यांच्या शेजारी, रिकाम्या खुर्चीच्या वर, गप्पू. माझ्या डोळ्यांना जरा वेगळाच. मी मागे वळून भिंतीकडे बघितलं, तर माझा गप्पू. पुन्हा आरशात बघितलं, तर त्यांचा.

बाकावर एकजण ताटकळत होता. त्याने भीत भीत विचारलं, "त्या खुर्चीवर बसू का?"

"बसा की," हे म्हणाले. मग आरशात बघून त्यांनी डोळा मारला. "गप्पू, गिऱ्हाईक आलंय रे."