पुन्हा तोच सरपंच

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. आई सकाळी घागर घेऊन निघाली आणि आमच्याच दारासमोरच्या उघड्या नालीत पडली. डावं मनगट मोडलं. ही नाली सरपंचानं दोन वर्षांपूर्वी खोदून ठेवली होती. वर फरश्या टाकतो म्हणाला होता. फरश्या आल्या, पण त्या त्याच्या घरासमोर लागल्या.

मी तेलंगणातल्या आदिलाबादला एका खाजगी शाळेत शिकवते. आमचं गाव तिथून तासाभराच्या बसवर, पैनगंगेच्या अंगाला. निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. धावत आदिलाबादच्याच दवाखान्यात पोहोचले, तोवर प्लास्टर घालून झालं होतं आणि आई पडल्या पडल्या सरपंचाचा उद्धार करत होती. "त्याच्या मढ्यावर टाक म्हनावं त्या फरश्या!" शेजारच्या खाटेवरची तेलुगू बाईसुद्धा कळल्यासारखी मान हलवत होती.

खरं सांगते, तिचा राग ऐकून मला बरं वाटलं. महिनाभरावर पंचायतीची निवडणूक होती. वाटलं, या खेपेला तरी.

हा माणूस कित्येक वर्षं गावाच्या मानेवर बसला आहे. एकदा जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा बायको सरपंच झाली. सह्या तिच्या, कारभार याचाच. पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण कोण कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या भागात निवडून येतो तो एकाच पक्षाचा. वर सरकार बदललं तर इथले सगळेच्या सगळे उठून त्या दुसऱ्या पक्षात जातात, म्हणजे पुन्हा एकच पक्ष. गळ्यातल्या उपरण्याचा रंग तेवढा बदलतो.

त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला गावात आजवर भेटलेला नाही. पारावर, बसमध्ये, कापूस वेचताना, सगळीकडे त्याला शिव्याच.

या खेपेला माझा चुलतभाऊ उभा राहिला. त्याचं गावात ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. पेन्शन असो, रेशनकार्ड असो, म्हातारी माणसं कागद घेऊन त्याच्याकडेच जातात. तो कुणावर खेकसत नाही. गावात ज्याचं नाव चांगलं आहे असा माणूस शोधायचा तर तोच. दर रविवारी मी गावी जाऊन त्याच्याबरोबर घरोघर फिरले. लोक चहा पाजायचे, सरपंचाला शिव्या द्यायचे आणि भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "तूच पाह्यजे बावा आता."

मतदानाच्या दिवशी आईला मीच गावच्या शाळेतल्या केंद्रापर्यंत नेलं. माझंही नाव अजून गावच्याच यादीत आहे. शाई लावायला आईनं प्लास्टरमधून बाहेर आलेलं बोट पुढं केलं. बाहेर येऊन ते बोट सगळ्यांना दाखवत ती हसली. मला तो विजयच वाटला.

दुपारी तिथंच मोजणी झाली. सरपंच पुन्हा निवडून आला, आणि नुसता आला नाही, सपाटून आला. वॉर्डावॉर्डाचे आकडे बाहेर आले तेव्हा भाऊ खाली मान घालून उभा होता. विहारासमोरच्या आमच्या गल्लीत त्याला जितकी मतं पडली, त्याहून जास्त आमची सख्खी-चुलत माणसंच तिथं राहतात.

घरी येऊन मी आईला सरळ विचारलं, "माय, तू कोनाले देलं?"

"त्यालेच," ती म्हणाली. लपवलंसुद्धा नाही.

"काऊन?"

"मी पडली तवा मले दवाखान्यात कोनं नेलं?"

मी समजत होते, भावानं. भाऊ त्या दिवशी कागद आणायला दूर निर्मल शहरात गेला होता. सरपंचानं स्वतःची जीप काढली होती. डॉक्टरशी तेलुगूत बोलला, एक्स-रे होईपर्यंत थांबला आणि मी यायच्या आधी निघून गेला. आईनं महिनाभर हे मला सांगितलं नव्हतं.

"अगं, पन त्याच्यामुळंच तर पडली ना तू!"

"पाडलं त्यानं, उचललंबी त्यानंच. तुहा भाऊ लय गुनाचा हाये. पन रातीबेराती काई झालं त त्याच्यापाशी जीप हाये का? ऑफिसात त्याले कोनी खुर्ची देते का? आन निवडून तर तोच येनार होता. समद्याईले माहीत होतं. आपल्या गल्लीनं तिकडं मतं टाकली असती, त त्याले दिसलं नसतं का? मंग नळाले पानी कोन सोडन?"

तो येणार म्हणून सगळ्यांनी त्याला मत दिलं आणि सगळ्यांनी दिलं म्हणून तो आला. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीच. मी मोठ्यानं ओरडले, तशी आई शांतपणे म्हणाली, "तू आदिलाबादले रायतं. आमाले इथं रायचं हाये." मी आणखीच ओरडले.

दुसऱ्या दिवशी भावानं दुकानाच्या भिंतीवरची स्वतःची पोस्टरं स्वतःच खरवडून काढली आणि दुकान उघडलं. दहा वाजेपर्यंत बाहेर रांग लागली. कालचीच माणसं. कुणाच्या तोंडावर लाज नाही, नेहमीसारखं "जय भीम, बावा" म्हणत कागद पुढं करत होती. तो भरून देत होता. मी त्याला आत ओढून म्हटलं, "पाठव ना याईले घरी!"

"ताई," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "या म्हातारीची पेन्शन तीन महिने झाले बंद हाये." मग अर्जाचा पुढचा रकाना भरत, "मलेबी राग येऊन राह्यला. पन तो हिच्यावर काढू का?"

पुढची गोष्ट लिहायची नाही असं मी ठरवलं होतं, पण ती टाळली तर हे सगळं खोटं होईल. माझ्या मुलीच्या होस्टेलसाठी जातीचा दाखला हवा होता. अर्ज भावानंच भरला होता. दीड महिना तो तहसीलदाराच्या मंडल ऑफिसात पडून होता. मी चार खेटे घातले. दर वेळी "चौकशी बाकी आहे" एवढंच ऐकलं. शेवटची तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा भावानंच सांगितलं, "सरपंचाकडं जा. माह्यानं नाई होनार."

गेले. त्याच्या अंगणात माझ्यासारखेच आठदहा जण बसले होते. मला पाहताच त्यानं खुर्ची मागवली, चहा मागवला. "तुमी भावासाठी फिरल्या, ठीकच हाये बाई. भाऊच हाये तो." मग फोन उचलून तेलुगूत कुणाला तरी "अन्ना" म्हणत दोन वाक्यं बोलला. नालीचं विचारायचं मी वाटेत पक्कं ठरवलं होतं. नाही विचारलं. "उपकार झाले," मी म्हणाले. हा शब्द माझ्याच तोंडून निघाला. जो कागद माझ्या मुलीच्या हक्काचा होता, त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला.

परतीच्या बसमध्ये गावातलीच एक बाई शेजारी बसली होती. तिनं बसल्या बसल्या सुरुवात केली, कसा मेला पुन्हा निवडून आला, कशी गावाची वाट लावली, लोकांना अक्कल कशी नाही. दाखल्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून मी ऐकत होते. नंतर मीही बोलायला लागले. तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलले, अगदी आदिलाबाद येईपर्यंत.