माशांचा बाळंतशेपा

आमच्या घरात पहिल्यांदा बाळंतशेपा आला, तो माशांसाठी.

मासे कुठून आले ते आधी सांगतो. मी सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. याडी आणि बा (याडी म्हणजे आई) दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे आणि मी आश्रमशाळेत राहायचो. सुट्टीत फडाजवळच्या त्यांच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, गेलो की पाचटावर बसून पुस्तक वाचायचो. मुकादम विचारायचा, "हे पोरगं काहून बसवून ठेवलं? कोयता द्या की हातात." याडीनं कोयता दिला नाही. म्हणून मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालो, तांड्यावरचा पहिला. नोकरी कुणी दिली नाही, तेव्हा शेततळ्यात मासे सोडले. माशांनी मुलाखत घेतली नाही.

पहिल्या वर्षी माशांच्या अंगावर लाल चट्टे आले आणि निम्मे मासे पोट वर करून तरंगले. बा काठावर बसून म्हणाला, "ऊसच बरा व्हता. उलटा तर होत नव्हता." पुन्हा असं झालं तर याडी-बा दोघंही कोयते घेऊन निघणार, हे मला दिसत होतं. मी एका प्रशिक्षणाला गेलो. तिथं सांगितलं, खाद्यात लसूण, हळद, मेथी घाला, मासे रोगाला टिकतात. एवढ्यावर थांबलो असतो तर काही झालं नसतं. पण पदवीधर माणूस दुसऱ्याच्या सल्ल्यात स्वतःचं थोडं घातल्याशिवाय राहत नाही. पचनाला ओवा आणि बाळंतशेपा, आणि गोळी पाण्यात लगेच फुटू नये म्हणून डिंक, ही माझी भर.

सेनगावातून पिशवी भरून घेतली आणि जीपमध्ये बसलो. शेजारी आमच्याच तांड्यावरची गंगाकाकी. जागा नव्हती म्हणून पिशवी तिच्या मांडीवर. तिनं एकदा वास घेतला, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तांडा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. गंगाकाकी गप्प बसली तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. कुठंही बारसं असलं की माझ्या बायकोला, सरिताला, बोलावणं यायचं, पण पाळण्याला हात लावायची वेळ आली की कुणीतरी म्हणायचं, "सरिता, तू जरा चहाचं बघ." (मला आठ वर्षांत कुणी चहाचं बघायला सांगितलं नाही.)

आणि आमच्याकडं रीत अशी, की कुणाला दिवस गेले तर उघड बोलायचं नाही, दृष्ट लागते. त्यामुळं आम्हाला कुणी काही विचारलं नाही. विचारलंच नाही तर "नाही" तरी कुणाला म्हणणार?

दुसऱ्या दिवशी हापशावर सरितानं हंडा उचलला, तर दोघींनी तो काढून घेतला. कुणी चिंचा आणून दिल्या. मेथी-डिंक तर बाळंतपणानंतर खातात, इतक्या आधी कशाला, अशी शंका एकीनं काढली होती म्हणे. गंगाकाकीनं निकाल दिला, "शिकलेला हाय तो. परीक्षेच्या आधीच तयारी करून राहिला."

घरात याडी खलबत्ता घेऊन बसलेली. तो आवाज तांडाभर.

"काय कुटून राहिली गं?"

"माशांचं हाय," याडी खरं तेच सांगायची.

"व्हय, व्हय, माशांचंच," असं म्हणून बाया हसत पुढं जायच्या. दृष्ट लागू नये म्हणून सासू इतकं लपवते, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

त्याच आठवड्यात शेजारी बारसं होतं. सरिताला पुढं बसवलं आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. घरी आली ती गुणगुणत.

"बाया बदलल्या हो. आज कुणी चहाचं बघ म्हणलं न्हाई."

"शिक्षणाचा परिणाम आहे," मी म्हणालो. "समाज हळूहळू सुधारतो."

(हे वाक्य मी खरोखर बोललो.)

समाज सुधारून दोन दिवस होत नाहीत तोच दारात जीप थांबली. डोंगरकडा गावाहून माझे सासू-सासरे आले. सासऱ्यांच्या डोक्यावर लाकडी पाळणा, सासूच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"आईला बाजारात लोकांकडून कळावं व्हय गं?" सासू दारातूनच म्हणाली.

"काय कळलं?" सरितानं विचारलं.

सासूनं लेकीच्या पोटाकडं पाहिलं, मग खलबत्त्याकडं. "मग हे कुणासाठी?"

"माशांचं हाय, बाई," याडी म्हणाली.

जीपमागोमाग गंगाकाकी आलीच होती. "खरंच माशांचं?" तिनं विचारलं.

सरिता आपल्या हाताकडं बघत राहिली. बारशाची दोरी धरली होती, त्याच हाताकडं.

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी पुढं झालो. "त्याचं असं आहे मामा, वनस्पतींमुळं माशांची रोगप्रतिकारशक्ती..."

"जावईबापू," पाळणा डोक्यावर तसाच धरून सासरे म्हणाले, "हे आधी कुठं ठिवू ते सांगा."

सरितानं आईच्या हातातला डबा घेतला आणि तळ्याकडं चालू लागली. आम्ही सगळे मागं.

"अगं, तूप हाय त्यात," सासू म्हणाली.

"ज्यांच्यासाठी मेथी आली त्यांनाच देते."

तिनं एकेक लाडू कुस्करून पाण्यात टाकला. माशांनी तोंडं वर काढली आणि तळं खदखदायला लागलं. मागं वळून न बघता ती म्हणाली, "काकी, पुढच्या बारशाला बोलवा मला. चहाचं बघायला."



त्या हंगामात एकाही माशावर चट्टा आला नाही. मासे हिंगोलीच्या बाजारात विकले गेले. याडी आणि बा ऊस तोडायला गेले नाहीत, तेव्हापासून एकदाही नाहीत. पाळणा परत न्यायला सासऱ्यांचं मन झालं नाही. तो ओसरीत टांगलाय, आणि माशांच्या खाद्याच्या गोळ्या त्यात वाळत असतात. सगळ्या बाजूंनी सारख्या वाळाव्यात म्हणून अधूनमधून मी झोका देतो. तांड्यावरच्या पहिल्या पदवीधराचं संशोधन सध्या इथवर आलं आहे.